परशुरामाने मागे का पाहिले?

मराठीच्या वर्गातली मुलं सर्जनशील लेखनाचा प्रोजेक्ट घेऊन आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, ग्रीक घेऊ की इजिप्त?" ज्यानं थॉरचे सिनेमे पाहिलेले असतात, तो नॉर्स म्हणतो. औसा तालुक्यातल्या एका मुलीनं तर वहीच्या पहिल्या पानावर "जागतिक पुराणकथा" एवढंच लिहून आणलं होतं, खाली दोन ओळी आखून.

मी तिला विचारलं, "तुमची कुलदेवी कोणती?"

"माहूरची रेणुका."

"तिथं देवीचं नुसतं मुखच का आहे, माहितीये?"

ती लगेच सांगू लागली. आजीकडून ऐकलेलं होतं, त्यामुळे कुठं अडखळली नाही. तिचं सांगून झाल्यावर मी म्हणालो, "तुझा विषय झाला." तिला ते पटायला आठवडा लागला. का लागला, आणि शेवटी का पटलं, ते नांदेड-लातूरकडच्या लिहिणाऱ्या मुलामुलींसाठी जरा सविस्तर सांगतो.

ग्रीक पुराणकथा हा विषय होऊ शकत नाही. तो भलामोठा वाडा आहे. दोन हजार शब्दांच्या कथेसाठी त्या वाड्यातला एक कोनाडा लागतो. देश निवडून सुरुवात केली की मुलं देवांच्या नावांची यादी करतात, वंशावळ काढतात, आणि कथा लिहायच्या वेळी हातात एकही माणूस नसतो. म्हणून आधी देश निवडू नये, गाठ निवडावी. गाठ म्हणजे कथेतली ती जागा, जिथं कुणीतरी काहीतरी करतो आणि मग ते मागं घेता येत नाही.

माहूरची गाठ अशी आहे. सहस्रार्जुनाशी झालेल्या वैरातून जमदग्नी ऋषी मारले गेले. परशुरामानं कावड घेतली. एका बाजूला वडिलांचा देह, दुसऱ्या बाजूला आई. अंत्यसंस्काराला कोरी भूमी हवी होती, जिथं आधी कुणाचंही दहन झालेलं नाही अशी. फिरत फिरत तो आजच्या नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, पैनगंगेजवळच्या या डोंगरांवर आला. दत्तात्रेयांनी जागा दाखवली आणि स्वतः आचार्य झाले. बाण मारून परशुरामानं पाणी काढलं, तेच मातृतीर्थ. रेणुका सती गेली. आईवाचून परशुराम रडू लागला, तेव्हा आकाशवाणी झाली: तुझी आई जमिनीतून वर येईल, तुला दर्शन देईल, पण तोवर तू मागे वळून पाहायचं नाही. त्याला धीर धरवला नाही. त्यानं पाहिलं. तोवर फक्त मुख वर आलं होतं. ते तेवढंच राहिलं.

आज गाभाऱ्यात जो शेंदरानं माखलेला तांदळा आहे, तो म्हणजे हे थांबलेलं येणं. रांगेतून पुढं सरकताना ते मोठे डोळे एकदम समोर येतात. बाहेर खलबत्त्यात विडा कुटण्याचा आवाज चालू असतो, कारण इथला प्रसाद कुटलेल्या तांबुलाचा. साडेतीन पीठांपैकी हे एक पूर्ण पीठ. पूर्ण पीठाची देवी, आणि जमिनीवर आलेलं तिचं फक्त मुख. लिहिणाऱ्यानं ही गोष्ट नुसती नोंदवून पुढं जाऊ नये, इथं थोडं थांबावं.

आता हीच गाठ घेऊन जगात निघा.

ग्रीकांच्या ऑर्फियसची बायको युरिडिसी साप चावून मरते. तो पाताळात जातो, वाद्य वाजवून तिथल्या राजाराणीला विरघळवतो. बायको परत मिळते, अट एकच: वर पोचेपर्यंत मागे पाहायचं नाही. तो पाहतो. पण का पाहतो? रोमन कवी व्हर्जिलनं इ.स.पू. 29 च्या सुमारास ही कथा लिहिली, तेव्हा कारण दिलं वेडाचं: प्रेमाचा झटका आला आणि भान सुटलं. चाळीसेक वर्षांनी ओव्हिडनं लिहिली, तेव्हा कारण बदललं: ती मागं थकून पडली तर, ही भीती, आणि तिला पाहण्याची ओढ. त्या दोघांच्याही कितीतरी आधी प्लेटोच्या एका संवादात वेगळंच सांगितलेलं आहे. देवांनी ऑर्फियसला खरी बायको दिलीच नाही, नुसती सावली दाखवून परत पाठवलं, कारण तिच्यासाठी मरायची त्याची तयारी नव्हती, जिवंतपणीच पाताळात शिरायची युक्ती त्यानं काढली होती. घटना तीच, पण वेड, काळजी आणि भित्रेपणा असे तीन अर्थ निघाले. कथालेखकाला शिकायचं ते इथं. घटना बदलायची गरज नसते, "का" बदललं की कथा आपली होते.

जपानच्या कोजिकी या इ.स. 712 च्या ग्रंथात इझानागीची बायको इझानामी अग्निदेवाला जन्म देताना भाजून मरते. तो तिला आणायला योमी या मृतांच्या देशात जातो. ती आतून सांगते, मी विचारून येते, तोवर माझ्याकडे पाहू नकोस. वाट पाहून कंटाळलेला इझानागी केसांतल्या फणीचा एक दात मोडतो, तो पेटवतो आणि उजेडात पाहतो. तिचं शरीर सडलेलं, अळ्या वळवळताहेत. तो पळतो, ती पाठलाग करते. शेवटी तो वाटेत मोठी शिळा लोटतो आणि शिळेच्या दोन बाजूंनी नवराबायकोचं शेवटचं बोलणं होतं. ती म्हणते, तुझ्या देशातली हजार माणसं मी रोज मारीन. तो म्हणतो, मी रोज दीड हजार बाळंतघरं उभी करीन. मृत्यूचा हा हिशेब मला जगातल्या सगळ्या पुराणांत फार जवळचा वाटतो. फणीचा तो मोडलेला दात तर विसरताच येत नाही. कथा लिहायची ती अशा वस्तूंवर.

बायबलमधली लोटची बायको तिसरी. शहर जळतंय, देवदूतांनी बजावलंय की मागे पाहू नका. ती पाहते आणि मिठाचा खांब होते. तिला बायबलमध्ये नावसुद्धा नाही. 1920 नंतरच्या रशियात आना आख्मातोवानं तिच्यावर कविता लिहिली आणि तिला कारण दिलं: ती आपलं घर पाहत होती.

आपल्याकडेही ही गाठ एकट्या माहूरची नाही. ओडिशातल्या साक्षीगोपाळाची कथा प्रसिद्ध आहे. देव वृंदावनाहून भक्ताच्या मागं चालत निघतो. वाळूत पैंजणांचा आवाज थांबतो, भक्त वळून पाहतो, देव तिथंच उभा राहतो. देव भक्तामागं निघाला, भक्तानं वळून पाहिलं आणि देव वाटेतच बसला, ही कथा महाराष्ट्रातल्या अनेक गावांत ग्रामदैवताबद्दल सांगतात. तुमच्या गावातही विचारून पाहा. लोककथांचे अभ्यासक अशा फिरणाऱ्या घटकांना आशयबीज म्हणतात. अमेरिकेतल्या स्टिथ थॉम्प्सन यांनी अशा हजारो बीजांची सूची केली. मागे पाहण्याच्या निषेधाला तिथं स्वतंत्र क्रमांक आहे, सी 331.

म्हणजे ग्रीसमधून कथा माहूरला आली का? की इथून तिकडे गेली? असल्या वादात पडू नका. सारखेपणा दिसला म्हणून उसनवारी सिद्ध होत नाही. मेलेलं माणूस परत यावं असं जगात कुणाला वाटत नाही? आणि ते येत नाही, हे कुणाला सोसावं लागत नाही? लिहिणाऱ्याला सारखेपणापेक्षा फरक जास्त उपयोगी पडतो. ऑर्फियसची बायको सगळी गेली. इझानागीनं बायकोचा रस्ता स्वतः बंद केला. लोटची बायको स्वतःच गोठली. परशुरामाची आई मात्र अर्धी का होईना, राहिली, आणि त्या राहिलेल्या मुखाची पूजा होते. चुकीच्या क्षणी पाहिल्यामुळं जे उरलं, तेच दैवत झालं. साक्षीगोपाळाच्या कथेतही देव तिथंच राहिला, पण तो सगळा; अपुरं उरलेलंच दैवत झालं, असा शेवट माझ्या माहितीतल्या मागे पाहण्याच्या कथांमध्ये दुसरा नाही.

शिवाय इथं पाहणारा कोण आहे ते आठवा. महाभारताच्या वनपर्वात याच परशुरामानं वडिलांच्या आज्ञेवरून याच आईचं मस्तक परशूनं उडवलं. थोरल्या चार भावांनी नकार दिला, यानं दिला नाही. मग वडील प्रसन्न झाल्यावर त्यानं वर मागितला: आई जिवंत व्हावी, आणि आपण मारली गेलो हे तिला आठवू नये. पुन्हा वाचा ते. रेणुकेला आपला मृत्यू आठवत नाही, मुलाला आठवतो. अशा मुलाला आकाशवाणी सांगते की आईकडे पाहू नकोस. त्यानं का पाहिलं असेल? तिला सारं आठवलं की काय, हे तिच्या चेहऱ्यावर वाचायला? वनपर्वात माहूर येत नाही, आणि माहूरच्या कथेत त्या वराचं कुणी बोलत नाही. दोन कथांच्या मधली ती मोकळी जागा अजून लिहिली जायची आहे. औशाची मुलगी इथं आली आणि तिनं वहीतल्या "जागतिक पुराणकथा" या शब्दांवर काट मारली.

आणखी एक धागा गोंधळ्यांच्या सांगण्यात आहे. त्यांच्यात माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई. गोंधळ कसा सुरू झाला, याची त्यांची कथा अशी: परशुरामानं बेटासुर राक्षसाला मारलं, त्याच्या मस्तकाला त्याच्याच शिरेची तार लावली आणि ते वाद्य वाजवत तो आईपुढं आला. तुणतुण्याचं मूळ ते. ऑर्फियसच्या वाद्याचं मूळही असंच आहे. हर्मीस देवानं कासव मारून त्याच्या पाठीवर आतड्याच्या तारा ओढल्या, तीच पहिली लायर. ऑर्फियस मेल्यावर त्याचं तुटलेलं मस्तक नदीतून गात वाहत गेलं असंही सांगतात. मृत देहातून आलेलं वाद्य, धडावेगळं मस्तक, मागे पाहणं. हे सगळं एकाच माणसाभोवती दोन्हीकडे कसं गोळा झालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण पुढच्या वेळी घरी गोंधळ असेल तेव्हा संबळ-तुणतुणं ऐकताना तुम्हाला हे आठवल्याशिवाय राहणार नाही.

रेणुकेचा विषय जगाला लहान पडेल अशी शंका ज्यांना येते, त्यांच्यासाठी एक खरी हकीकत. सोनेरा नावाचा फ्रेंच निसर्ग-अभ्यासक भारतात फिरून गेला आणि 1782 साली त्याचं प्रवासवर्णन छापून आलं. त्यात त्यानं दक्षिणेत ऐकलेली परशुरामाच्या आईची कथा दिली होती. ती नदीवर भांडं न घेता जाई आणि पाणी तिच्या हातात गोळा होऊन राही; एके दिवशी पाण्यात एक प्रतिबिंब दिसलं, मन हललं, पाणी ओघळून गेलं. कर्नाटकात रेणुकेलाच यल्लम्मा म्हणतात; तिच्या भक्तांकडून ऐकाल तर ती वाळूचा घडा करते आणि नागाची चुंबळ करून तो डोक्यावर घेते. पुढं मस्तक उडवलं जातं, आणि जिवंत करताना गडबडीत ते दुसऱ्या, बहिष्कृत बाईच्या धडाला जोडलं जातं. ही कथा जर्मनीत कवी गटेच्या वाचनात आली. त्यानं ती लगेच लिहिली नाही. काही कथा आपण चाळीस-पन्नास वर्षं मनात जिवंत ठेवल्या, असं त्यानं 1823 मध्ये लिहून ठेवलं आहे आणि त्यात या कथेचाही उल्लेख आहे. "पारिया" ही त्याची कविता 1824 साली छापली गेली. त्यातली ब्राह्मणी मस्तकाची आणि बहिष्कृत धडाची देवी शेवटी तळातल्या माणसांची वकील होते. वायमारमध्ये बसलेल्या त्या म्हाताऱ्या कवीला "जागतिक पुराणकथा" हवी होती, तेव्हा त्यानं आपली रेणुका निवडली. आपली मुलं मात्र झ्यूसच्या मागं धावताहेत.

उलट दिशेनं जाणारे मराठी लेखकही आहेत. जी. ए. कुलकर्णींनी "ऑर्फियस" ही कथा लिहिली. ती "पिंगळावेळ" या संग्रहात आहे. जी.ए. धारवाडला इंग्रजी शिकवत, आणि धारवाडहून रेणुका-यल्लम्मेचं सौंदत्ती तासाभराच्या अंतरावर आहे. यावरून निष्कर्ष काही काढायचा नाही, पण ती कथा मिळवून जरूर वाचा. परकी पुराणकथा मराठीत कशी श्वास घेते, ते दाखवणारं तिच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सुचत नाही. वि. स. खांडेकरांची "ययाती" 1959 ची आणि इरावती कर्व्यांची "युगान्त" 1967 ची. ही दोन्ही पुस्तकं दाखवतात की महाभारतासारख्या समुद्रातूनही एक शाप किंवा एकेक व्यक्ती उचलूनच लिहावं लागतं.

लातूरकरांसाठी दुसरी एक गाठ आहे. ती सांगताना माझा हात जरा जड होतो.

30 सप्टेंबर 1993. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाची ओझी झोपलेल्यांच्या अंगावर आली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आता हा अनंत म्हणजे कोण? विष्णू, आणि पृथ्वी डोक्यावर तोलणारा शेषही. अनंताच्या पूजेत दर्भाचा शेष करतात, चौदा गाठींचा दोरा बांधतात. ज्या दिवशी शेषाची पूजा झाली, त्याच रात्री जमीन हलली. हा योगायोग आहे. भूकंप खडकांतल्या ताणानं होतो, आणि ही गोष्ट वर्गात ठामपणे सांगायलाच हवी. पण दर्भाचा शेष ज्या हातांनी केला, ते हात दुसऱ्या दिवशी काय करत होते, हा कथेचा प्रश्न आहे, आणि तो भूगर्भशास्त्राला विचारता येत नाही.

हा विषय घेणाऱ्यानं जपानकडे पाहावं. तिथं जमिनीखाली नामाझू नावाचा प्रचंड मासा आहे आणि काशिमाचा देव एका शिळेनं त्याला दाबून धरतो. 11 नोव्हेंबर 1855 च्या रात्री एदो, म्हणजे आजचं टोकियो, हादरलं. तो त्यांचा दहावा महिना होता, देव इझुमोला जमतात तो. म्हणजे राखणदार घरी नव्हता. त्यानंतर काही दिवसांतच या माशाची रंगीत छापचित्रं शहरभर विकली गेली. काही चित्रांत लोक माशाला बडवताहेत, तर काहींत सुतार आणि गवंडी त्याच्यापुढं हात जोडताहेत, कारण पडलेलं शहर पुन्हा बांधायचं काम त्यांनाच मिळालं. दुःखाच्या आठवड्यात इतकं खरं बोलणारी पुराणकथा मी दुसरी पाहिलेली नाही.

नॉर्स हवंच असेल, तर इथं घ्या. लोकीला देवांनी गुहेत बांधून घातलंय आणि वरून साप त्याच्या तोंडावर विष गाळतोय. त्याची बायको सिगिन वाडगं धरून उभी असते. वाडगं भरलं की ते ओतायला तिला वळावं लागतं. तेवढ्या वेळात थेंब पडतात, तो तळमळतो आणि धरणी हलते. सिनेमात लोकी थॉरचा मानलेला भाऊ दिसतो; आइसलँडच्या जुन्या ग्रंथांत तसं नाही, तिथं तो ओडिनचा रक्ताची शपथ घेतलेला भाऊ आहे. सिगिनबद्दल तर त्या ग्रंथांतही फार थोडं आहे. जिच्या हातात वाडगं आहे, तिच्यावर लिहा.

किल्लारीत लोटची बायकोही सापडते. भूकंपानंतर पन्नासच्या आसपास गावं जुनी जागा सोडून नव्या ठिकाणी वसवली. नव्या घरात राहून जुन्या गावठाणाकडे पाहणारी बाई लातूर आणि धाराशिवच्या त्या पट्ट्यात कुणालाही माहीत आहे. बायबलातल्या बाईला नाव नाही, कारण नाही. तिला एक कारण तुम्ही देऊ शकता, आणि ते देण्याचा अधिकार तुमच्याइतका फार थोड्यांना आहे.

गाठ सापडली की मग मूळ पाहायचं. मोबाइलवर जी कथा मिळते, ती चार कथांची खिचडी असते. कथेचे निदान दोन पाठ शेजारी ठेवावेत आणि कुठला कुठून आला ते वहीत लिहावं. रेणुकेचं वनपर्वातलं आख्यान वेगळं, माहूरच्या माहात्म्यातलं वेगळं, सौंदत्तीचं वेगळं. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा प्राचीन चरित्रकोश आणि महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोश कितीतरी ग्रंथालयांत धूळ खात पडलेले असतात, ते उघडावेत. औसा तालुक्यातच खरोशाची लेणी आहेत. जांभ्या दगडात कोरलेली, म्हणून झिजलेली, पण नरसिंह, कार्तिकेय, रावण अजून ओळखू येतात. झिजलेल्या मूर्तीपुढं अर्धा तास बसलं की काय उरतं आणि काय पुसलं जातं, ते डोळ्यांना दिसतं.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगतो. झ्यूसला आज फारसं कुणी नवस बोलत नाही. रेणुकेला रोज बोलतात. तुम्ही लिहाल ती कुणाच्या तरी देवघरातली आई असेल. म्हणून घाबरून गप्प बसू नका, पण ऐकल्याशिवाय लिहू नका. पुजाऱ्याचं ऐका, आराधी बायकांचं ऐका, गोंधळ्याचं ऐका. प्रत्येकाची रेणुका थोडी वेगळी निघेल. यल्लम्मेच्या नावानं ज्या मुली सोडल्या गेल्या, त्यांचंही ऐकायला हवं. त्या वगळून लिहिलेली रेणुका अपुरी राहील.

औशाच्या मुलीनं शेवटी कथा लिहिली ती परशुरामाची नाही, रेणुकेचीही नाही. तिनं कावड निवडली. एका बाजूला मेलेला बाप, दुसऱ्या बाजूला जिवंत आई, आणि दोन्ही पारडी समतोल राहिली पाहिजेत. नाहीतर खांदा जातो. माहूरपर्यंतच्या वाटेत त्या खांद्यानं काय सोसलं, एवढंच तिनं आठ पानांत लिहिलं. मागे पाहण्याचा प्रसंग तिच्या कथेत येतच नाही. कावड खाली टेकवताच ती संपते.

तुम्हाला माहूरला जायचं असेल तर नवरात्र टाळा, गर्दीत कुणाला बोलायला फुरसत नसते. पौष-माघात जा. दर्शन झालं की मातृतीर्थावर बसा आणि शेजारी बसलेल्या एखाद्या आजीला विचारा, त्यानं मागे का पाहिलं असेल. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या.